मानाची जोडी

पोळ्याची मानाची जोडी वेशीतल्या तोरणाखाली येऊन थांबली, तेव्हा हणमंतरावांच्या ध्यानात आलं की पांढऱ्या बैलाचा कासरा आनंदराजनं अजून सोडलेला नाही.

तांबडा बैल त्यांचा, पांढरा आनंदराजचा. मागच्या साली लम्पीच्या साथीत हणमंतरावांच्या जोडीतला एक गेला आणि तेव्हापासून दोघांची सावड होती. आज यांचं रान, उद्या त्याचं. नांगरट, पेरणी, कोळपणी, सगळं या दोन बैलांनी एका जुवाखाली ओढलं. काल खांदमळणीला हणमंतरावांनी स्वतःच्या हातानं पांढऱ्याच्या मानेला लोणी चोळलं होतं. "उद्या मानाला तुझाच बैल," असं म्हणताना त्यांचा ऊर भरून आला होता. बौद्धवाड्यातला बैल मानात चालणार, केवढी मोठी गोष्ट! बैलाबरोबर माणूसही येईल, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

मानाच्या जोडीनं तोरण तोडल्याशिवाय बाकीच्या बैलांना वाट नसते. मागं सगळ्या गावाची जनावरं खोळंबली. हलगी थांबली.

"कासरा काकाच्या हातात दे अन् बाजूला सर," भावकीतला बजरंग ओरडला. "तुमचं वेशीत काय काम?"

हणमंतरावांना हे ओरडणं मुळीच आवडलं नाही. उभ्या जन्मात त्यांच्या तोंडून कुणाला वाकडा शब्द गेला नव्हता. आनंदराजचा बाप नांदेडला दवाखान्यात होता तेव्हा रोज डबा पोचवला तो यांनीच; त्याची आई पारूबाई अजून नाव काढते. ते पुढं झाले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबा, तू मला पोटच्या लेकासारखा हायस. पन लोकं कशी हायत, तुला ठावं हाय. जरासा कासरा दे. मग घरी ये, संगं बसून पुरनाची पोळी खाऊ."

"बैल माझ्या हातचा हाय काका. त्यो जाईल तिथं मी जाईन. तुमी नुसतं 'चल' म्हना. गाव तुमचं ऐकतं."

ऐकत होतं, खोटं नव्हतं. हणमंतरावांनी बजरंगकडे बघितलं, आनंदराजकडे बघितलं. त्यांना दोघांनाही दुखवायचं नव्हतं.

"पुढल्या पोळ्याला बघू," ते हळूच म्हणाले.

"बजरंगभाऊचा मला राग न्हाई," आनंदराज म्हणाला. "त्यो तोंडावर बोलतो. मला आता तुमच्या पोळीचीच भीती वाटून राहिली."

त्यानं पांढऱ्याच्या पाठीवरची, हणमंतरावांनी घातलेली झूल काढली.

"राहू दे रे झूल, तुझ्याच बैलाला ठेव," हणमंतराव कळवळून म्हणाले. आनंदराजनं झुलीची नीट घडी केली, त्यांच्या हातात दिली आणि बैल माघारी वळवला.

तोवर बजरंगनं आपला काळा बैल आणलासुद्धा. "घ्या काका, खोळंबा नको."

नको म्हणणं हणमंतरावांना कधी जमलंच नव्हतं. "हाव, हाव, आन," ते म्हणाले.

त्यांची बायको कस्तुराबाई ओवाळायचं ताट घेऊन वेशीतच उभी होती. तिची जीभ गावभर बदनाम. पारूबाईशी तर बांधाच्या भांडणापायी वर्षभर तिचा अबोला होता. तिनं काळ्याकडे एकदा बघितलं, पदर खोचला आणि ताटासकट आनंदराजच्या मागं चालू लागली.

"अगं, निघालीस कुठं?"

"ज्यानं आपलं रान नांगरलं, त्याला ववाळाया," ती न थांबता म्हणाली. "ह्याला तुमी ववाळा."

हलगी पुन्हा सुरू झाली. तांबडा आणि काळा एका जुवाखाली कधी चाललेच नव्हते. एक इकडे ओढत होता, दुसरा तिकडे. दोन हातांत दोन कासरे आणि काखेत झूल धरून तोरणाखाली उभे असलेले हणमंतराव सवयीनं सगळ्यांकडे बघून हसले.