नवऱ्याचं नाव

"नवऱ्याचं नाव सांगा," रीमा म्हणाली.

ठकुबाईने पदर तोंडाशी नेला आणि मान खाली घातली. रीमा हसली. पोलीस-कोर्टाच्या फेऱ्यात सापडलेल्या कातकऱ्यांना मदत करणाऱ्या संस्थेत तिला चार वर्षं झाली होती. या बायका जीव गेला तरी नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. पोलिसांचा कागद पाहून तिनेच अर्जावर लिहिलं, नामा.

ते २००६ साल. भिवंडीजवळच्या पूर्णा गावात गोदामांमागून गोदामं उठत होती. तिथे चोरी झाली, की पोलीस आधी कातकरी वाडीत येत. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही रीत वाडीला पाठ होती. परवाही ते आले. "नामा कोण?" म्हणाले. एक गडी मुकाट्याने पुढे झाला, त्याला गाडीत घालून नेलं.

"माझा दादला छातीनं खंगलाय, ताय. कोठडीत टिकायचा न्हाय." ठकुबाईने दोन दिवसांत हे दहादा सांगितलं होतं.

"म्हणून तर वकील दिलाय. सोबत कोणी पुरुष माणूस येईल? तुमचा भाऊ?"

"चिंधू वीटभट्टीवर गेलाय. लांब."

निघताना ठकुबाईने वाडीमागच्या झाडीत जाऊन दगडावर दोन भाकऱ्या ठेवल्या.

"देवाला?"

"व्हय," म्हणत ती भराभर चालू लागली.

रिक्षा भिवंडीच्या रस्त्याला लागली तशी ठकुबाईने विचारलं,

"सायबानं उलटंसुलटं विचारलं तर?"

"माझा नवरा आहे, एवढंच सांगायचं. खरं बोलणाऱ्याला कसली भीती?"

भिवंडीच्या कोर्टात खाकी कपडा दिसला की ठकुबाई रीमाच्या मागे सरकायची.

दुपारी नामाचा पुकारा झाला. शिपायांनी गड्याला आणलं. तरणाबांड, दाराएवढी छाती. रीमाच्या कपाळाला आठी पडली. त्याची भुवई फुटली होती, एक डोळा सुजून मिटला होता.

"बाई, हा तुमचा कोण?" न्यायाधीशांनी विचारलं.

पाठ केलेलं उत्तर ठकुबाईच्या ओठांवर होतं. तेवढ्यात त्याने मान वर केली.

"चिंधू," ती रडत म्हणाली, "किती मारला रं भावा तुला."