बाईंचा गृहपाठ

सातवीच्या वर्गाला मी शिकवलं होतं, "माफी मागून झाली की गप्प बसायचं. समोरच्याला बोलू द्यायचं." घरातल्या एकाची माफी मागून या, असा गृहपाठही दिला होता. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं सांगून झालं, तशी पहिल्या बाकावरची आगाऊ मुलगी म्हणाली, "आणि बाई, तुमचा गृहपाठ?"

आई गेल्यावर दादाशी माझं बिनसलं होतं. आठ महिने बोलणं बंद. मी तिथेच फोन लावला, स्पीकरवर. त्याने उचलला.

"दादा, आईचं कपाट मी तुला न विचारता रिकामं केलं. चुकलं माझं."

पलीकडून काहीच उत्तर नाही. न राहवून मी तोंड उघडलं, तर अख्ख्या वर्गाने तोंडावर बोट ठेवून माझ्याकडे डोळे वटारले. मी ओठ मिटले.

"तिचा चष्मा तरी ठेवायचास गं," अखेर दादाचा आवाज आला. मग जरा थांबून, "आज उलट उत्तर नाही? बरी आहेस ना?"

"बेचाळीस मुलं मला गप्प बसवतायत."

दादा खो खो हसत सुटला. "बेचाळीस? आई एकटी पुरायची गं!"