न दिसलेलं ग्रहण

चंद्र खजुरांच्या आड अख्खाच्या अख्खा मावळला. त्याला साधा ओरखडाही उठला नव्हता. बाबिलोनच्या देवळाच्या गच्चीवरून ज्योतिषी कुदुर्रू डोळे फाडून पाहत होता.

या पौर्णिमेला ग्रहण लागणार, हे त्यानेच राजवाड्यात सांगितलं होतं. ग्रहण म्हणजे राजाचं मरण. म्हणून रिवाजाप्रमाणे उबारू नावाच्या विणकराला धरून सिंहासनावर बसवलं होतं आणि खरा राजा ‘शेतकरी’ हे नाव घेऊन मळ्यात लपला होता. राजावरचं मरण उबारूने घ्यायचं, मग राजाने परत यायचं. आठ दिवस तो बिचारा किरमिजी झग्यात बसून भाजलेलं मटण खात होता आणि येईल त्याला विचारत होता, “माझ्या मागावरचं कापड कुणी पुरं केलं का हो?”

“काय ज्योतिषीबुवा,” राजवाड्याचा कारभारी धापा टाकत गच्चीवर आला, “कुठाय तुमचं ग्रहण? दिवस चुकला म्हणायचा. बसू दे विणकराला रिवाजाचे शंभर दिवस. मग त्याला मारून विधी उरकून टाकू.”

कुदुर्रू खाली पळाला, थेट आकाशाच्या नोंदी कोरलेल्या मातीच्या पाट्यांच्या कोठीत.

ग्रहण अठरा वर्षांनी परत येतं, हे त्याला पाठ होतं. त्याने जुन्या पाट्या काढल्या. छत्तीस वर्षांपूर्वी ते संध्याकाळी लागलं होतं, अठरा वर्षांपूर्वी पहाटे. आजवर त्याने फक्त दिवस पाहिला होता, वेळ कधी पाहिलीच नव्हती. त्याने कपाळावर हात मारला. दर खेपेला ग्रहण दिवसाच्या तिसऱ्या हिश्शाने पुढे सरकत होतं! म्हणजे आता ते भर दुपारी लागणार, चंद्र जमिनीखाली असताना. बाबिलोनला ते दिसणारच नव्हतं. आणि न दिसलेल्या ग्रहणाचा अपशकुन लागत नाही, हे तर शेंबडं पोरही सांगेल.

पाट्या छातीशी धरून तो अंगणात आला. सगळ्या आकाशनिरीक्षकांचा मुख्य, सत्तरीचा मुशेझिब, तिथे उन्हाला बसला होता. शेवटचा शब्द त्याचा. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“न दिसलेलं ग्रहण!” मागून आलेला कारभारी हसला. “उद्या मला न दिसलेलं मटण वाढाल.”

“अजून एक पाटी आण,” म्हातारा कुदुर्रूला म्हणाला. “चौपन्न वर्षांपूर्वीची. तुझं खरं असेल तर तेव्हाही ते दुपारीच लागलं असणार.”

कुदुर्रूने पाटी आणली, मनात वाचली आणि पुन्हा वाचली.

“वाच की मोठ्याने,” मुशेझिब म्हणाला.

“‘ग्रहणाची वाट पाहिली. दिसलं नाही.’”

“आणि खाली काय लिहिलंय?” कारभाऱ्याने पाटीत डोकं घातलं.

ती ओळ गिळून टाकावी, असं कुदुर्रूला फार वाटलं. पण पाटी खोटी वाचणं त्याच्या रक्तात नव्हतं. “‘पहारेकरी गच्चीवर झोपला होता.’”

“घ्या!” कारभाऱ्याने टाळी वाजवली. “पहारेकरी घोरत पडला, म्हणून दिसलं नाही. ग्रहण रात्रीच लागलं असणार. विणकर काही सिंहासनावरून उठत नाही.”

कुदुर्रूच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या एका शब्दाने उबारू मरणार, हे त्याला आता स्वच्छ दिसत होतं.

मुशेझिबने पाटी मागून घेतली. खालच्या ओळीवरून अंगठा फिरवला, बराच वेळ फिरवला.

“उबारूला घरी सोडा,” तो म्हणाला.

कुदुर्रूने हातातल्या पाट्या खाली ठेवल्या. छातीवरची धोंड उतरली आणि त्याला हसू आणि रडू एकदमच आलं.

“अहो, पण कशाच्या जोरावर?” कारभारी ओरडला. “पहारेकरी झोपला होता असं स्पष्ट लिहिलंय!”

“माझ्या बापाने लिहिलंय,” म्हातारा म्हणाला. “गच्चीवर पहाऱ्याला मी होतो. आणि मी डोळ्याला डोळा लावला नव्हता.”