दोन फूट वर
माझा नवरा दर शनिवारी कार्डिफजवळच्या तळ्यावर मासे पकडायला जातो. एक लागला की फोटो काढून घरी यायचं, हे आमचं ठरलेलं. पण महिनाभर तो संध्याकाळीच उगवायचा, म्हणायचा, एकही लागला नाही. मला संशय आला. त्याचा फोन तपासला. बाई नव्हती, व्हिडिओ होता, सहादा पाहिलेला: हे मासे वरच बघतात, पाण्याखालचं दाखवणाऱ्या सोनार यंत्रावर दिसले की आमिष त्यांच्या दोन फूट वर धरा. या शनिवारी मीही गेले. सोनारच्या स्क्रीनवर मासे दहा फूट खोल होते, याचं आमिष बारा फूट खोल. “मुद्दाम खाली सोडलंस?” “मासा लागला तर घरी जावं लागेल,” तो म्हणाला. घरी सासूसासरे होते, सहा महिन्यांच्या व्हिसावर; अजून चार उरले होते. मी गळ हातात घेतला आणि आणखी दोन फूट खाली सोडला.