मामांना बरं नाही

नाक्यावरच्या पोलिसाने खाली उतरायचीही तसदी घेतली नाही. चौकीच्या खिडकीतूनच हात हलवला. "मागे वळवा. पुढे वादळ उठलंय. जीव नकोसा झालाय का?"

"मामांना बरं नाही हो," दाउरेन काच खाली करून ओरडला. "आईला घेऊन चाललोय."

"सगळ्यांच्याच मामांना आज बरं नाही. वळवा."

तेवढ्यात काम्शात, दाउरेनची आई, शाल सावरत गाडीतून उतरली आणि चौकीत गेली. काहीतरी बोलली. पोलीस बाहेर आला तो टोपी काढूनच. त्याने दाउरेनकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

"बर्फ सारणारं यंत्र आत्ताच पुढे गेलंय. त्याच्या मागोमाग जा भाऊ. सावकाश."

"काय सांगितलंस त्याला?" गाडी सुरू करत दाउरेनने विचारलं.

"जे आहे ते."

दाउरेनला भडभडून आलं. जे आहे ते तिला बिचारीला कुठे ठाऊक होतं!

सकाळी कोक्तेरेकहून मामेभावाचा, कैरातचा, फोन आला होता. "बाबांना बरं नाही. आत्याला घेऊन ये." एवढंच. आवाज घोगरा. प्रवासातल्या माणसाच्या कानावर मरण घालायचं नाही, घरी पोचला, चार वडीलधारी भोवती बसली की मगच सांगायचं, ही कझाकांची रीत. 'बरं नाही, लगेच या' म्हणजे काय, ते शेंबड्या पोरालाही कळतं. दुसेनमामा गेले होते.

तो कामावरून धावत घरी आला, तर आई बूट घालून दारातच बसलेली. "मलाही कळवलंय," म्हणाली. काय होतंय, कधीपासून होतंय, एका शब्दाने विचारलं नाही. दाउरेनला तिच्या भाबडेपणाची कीव आली. मामा तिचा एकुलता भाऊ. बायका कबरस्तानात जात नाहीत. घरातून माती उचलली की संपलं, मग भावाचं तोंड पुन्हा दिसायचं नाही. काही झालं तरी त्याआधी तिला पोचवायचंच, असं त्याने मनाशी घट्ट केलं होतं.

माळावर वारा आडवातिडवा सुटला होता. पुढच्या यंत्राचा पिवळा दिवा मधेच दिसे, मधेच जाई.

"मामांना काय होतंय!" तो उगाच हसला. "घोड्याच्या लाथा खाऊन उभा राहिलेला माणूस. तापाबिपाला थोडाच भीक घालणार?"

"पुढे बघून चालव."

तिने डब्यातला तळलेला बाउरसाक मोडून त्याच्या तोंडात घातला. लहानपणी घालायची तसा.

"तू खा की."

"तुला ताकद लागेल," ती म्हणाली. स्वतः तिने सकाळपासून पाणीही घेतलं नव्हतं.

सुट्टीसाठी कुरालाय मामांकडेच होती. बायको गेल्यावर दाउरेनला ही एवढी एकच लेक उरलेली, तीही आजीच्याच हातची वाढलेली. मरणाच्या घरात पोर भेदरली असेल, या विचाराने त्याचा जीव वर-खाली होत होता. त्याने फोन काढला.

आईने झटकन त्याचा हात धरला. "निजली असेल. नको उठवूस."

"दिवसाढवळ्या? ती? घोड्यावरून खाली उतरवलं तर निजेल ना!"

आईने तोंड खिडकीकडे वळवलं.

दिवा पुन्हा दिसेनासा झाला तो झालाच. रस्ता आणि माळ एक झाले. दाउरेनने ब्रेक दाबला आणि गाडी भिंगरीसारखी फिरली. कडेच्या खांबावर आदळून खड्ड्यात कलंडली.

आईच्या कपाळातून रक्त येत होतं. डावा हात उचलवत नव्हता. दार उघडेना, फोनला रेंज नाही. दाउरेनने तिला आपल्या कोटात गुंडाळलं आणि त्याचा धीर सुटला. इथेच गोठून मरायचं असेल, तर हिला खोट्यात कशाला मारू?

"आई, तुझ्यापासून एक लपवलंय मी. मामा..."

तिने धड असलेला उजवा हात त्याच्या तोंडावर ठेवला.

"मला माहीत आहे. सगळं माहीत आहे. घरी पोचू दे. तिथे मोठी माणसं आहेत, ती सांगतील."

तो तिच्या मांडीत डोकं खुपसून हमसून हमसून रडला. भाऊ तिचा गेला आणि धीर मला देतेय, काय ही बाई, असं त्याला वाटत राहिलं. ती त्याच्या केसांतून हात फिरवत होती. "रड," म्हणत होती. "रड माझ्या बाळा."

मागे गाडीचे दिवे दिसेनात म्हणून यंत्राचा चालक परतून आला. दोराने ओढून त्याने दोघांना वर घेतलं. हात बघून म्हणाला, "मावशी, आधी दवाखाना."

"आधी कोक्तेरेक," ती म्हणाली.

रात्रभर यंत्र बर्फ सारत पुढे सरकत राहिलं. उजाडता उजाडता वारा पडला. यंत्र गावात शिरलं. मामांच्या फाटकासमोर पुरुष ओळीने उभे होते, मरणाच्या घरी उभे राहतात तसे, कंबरा बांधून, काठ्यांवर वाकून. माती अजून घरातच होती. पोचलो एकदाचे! दाउरेनने आईला आधार देऊन खाली उतरवलं आणि तिला पुढे करून, रीतीप्रमाणे, आपण दोन पावलं मागे सरला.

ओळीतला पहिला माणूस काठी टाकून पुढे आला. ते दुसेनमामा होते.

"आई!" दाउरेनच्या तोंडून आनंदाने किंकाळीच फुटली. "आई, अगं मामा धडधाकट आहेत!"

आईने भावाकडे पाहिलंसुद्धा नाही. ती वळून दाउरेनकडेच बघत होती. मामाही तिच्यापाशी थांबले नाहीत. हात पसरून, ठेचकाळत ते थेट दाउरेनकडे आले आणि त्याच्या गळ्यात पडून ऊर फुटेस्तो रडले.

"विश्वासाने ठेवली होतीस रे तिला माझ्याकडे, मला नाही सांभाळता आली!"