बिनशेपटीचा मासा

“शेपटी लाव आता,” चित्रकलेच्या बाई म्हणाल्या.

“मासा अजून संपला नाही, बाई,” लिंबू म्हणाली. वर्गात सगळ्यांत लहान, म्हणून लिंबू.

प्रदर्शन उद्यावर आलं होतं. टाकाऊ वस्तूंची, हात फिरवून बघायची चित्रं. बाकीची पोरं केव्हाच मोकळी झाली होती. अंड्यांच्या ट्रेचं कासव वाळलं होतं. जुन्या मोज्यांची मेंढीही तयार होती. वास मात्र मोज्यांचाच येत होता. लिंबूचा मासा तेवढा चालूच होता. बुटाच्या खोक्याच्या एका झाकणावर तो सुरू झाला. झाकण संपत आलं, की लिंबू निमूटपणे पुढे दुसरं चिकटवायची. आता मासा रुंदीला चार खवले आणि लांबीला वर्गाएवढा झाला होता. मोठे सर त्याला ओलांडून गेले, थांबले, आणि म्हणाले, “ही पाइपलाइन कुणाची?”

खवले म्हणजे आजीच्या गोळ्यांच्या पाकिटातली रिकामी घरं. लिंबू रोज मोजकी चारच कापून आणायची. बाईंनी औषधाच्या दुकानातून पिशवीभर रिकामी पाकिटं मागून आणली. लिंबूने ती कासवाला देऊन टाकली.

“माझ्या माशाला आजीचेच खवले लागतात.”

काय हट्टी कार्टी आहे, बाई मनात म्हणाल्या. त्यांनी स्वतःच पुठ्ठ्याची शेपटी कापली, डिंक थापला आणि त्या खाली वाकल्या. लिंबू माशावर आडवी पडली.

“ऊठ गं! उद्या आजी येणार ना बघायला? अर्धा मासा दाखवणार तिला?”

“हो.”

“अगं, पण का?”

“ती कुणाचंच ऐकत नाही, बाई. बाबांनी दिलेल्या गोळ्या कुंडीत टाकते. माझ्या खवल्यांसाठी तेवढ्या गिळते. मी आधी तिला आ करायला लावते, मग कापते.” लिंबूने बाहीला नाक पुसलं. “शेपटी लागली की ती बंद करेल.”

शेपटी एव्हाना बाईंच्याच बोटांना चिकटली होती. ती ओढून काढत त्यांनी दाराबाहेर बघितलं.

“पळ,” त्या म्हणाल्या, “मोठ्या सरांना विचारून ये, आपला व्हरांडा कुठपर्यंत आहे.”