पिस्टन आणि चांदीचा काटा

सहा तेलकट पिस्टन मी पोतदारकाकांच्या काउंटरवर ठेवले, तशी पैंजण बघायला आलेली बाई मागे सरकली.

“बाबांच्या जुन्या ट्रकला दुसरं इंजिन बसवतोय, काका. सहाही पिस्टन सारख्या वजनाचे हवेत, नाहीतर गाडी थरथरते. एवढा बारीक काटा गावात तुमच्याकडेच आहे.”

काकांनी पैंजण बाजूला सारले. चांदी तोलायच्या काट्यावर एकेक पिस्टन ठेवला. सगळ्यांत हलका होता तो वेगळा काढला आणि उरलेले पाच त्याच्या बरोबरीला येईपर्यंत स्वतःच्या कानशीने आतून घासत बसले. गिऱ्हाईक निघून गेलं. शेवटी काट्यावर सहाही वेळा एकच आकडा उमटला.

काका मेजावर सांडलेला कीस ब्रशने गोळा करून गुलाबी कागदात बांधत होते.

“काका, ॲल्युमिनियम आहे ते. फेकून द्या.”

“आमच्या लग्नात नवरीकडची बस घाटात बंद पडली. तुझ्या बाबांनी याच ट्रकमधून हिला मांडवात आणलं.”

“अख्खा घाट हिसके खात आले मी!” काकू आतून ओरडल्या.

काका हसले आणि ती पुडी त्यांनी तिजोरीत ठेवली.